आई-आत्याला ओव्हरीचा कॅन्सर झाला होता. आता मी काय करू?

ओव्हरीचा कॅन्सर झालेल्या बाईसोबत बहुतेक वेळा तिची लेक नाहीतर बहीण येते. बाईची ट्रीटमेंट मार्गी लागली की ती हळूच बाजूला येऊन विचारते, "मी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहिले तर पुरे ना?"

पुरे नाही. ब्रेस्टची गाठ लहान असताना पकडता येते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर तर पॅप तपासणी वेळेवर केली तर होण्याआधीच अडवता येतो. ओव्हरीला यातलं काही लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून जास्त बायकांना वर्षानुवर्षं सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्ततपासणीखाली ठेवून पाहिलं. त्या सर्वसाधारण धोक्याच्या बायका होत्या. २०२१ मध्ये निकाल आला, तेव्हा तपासणीमुळे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. धोका जास्त असलेल्या बायकांच्या बाबतीतही नुसत्या तपासणीने जीव वाचतो असा भरवसा कुणी देत नाही. म्हणून इथे आजाराच्या आधी पोचावं लागतं. त्यासाठी आपल्याला धोका आहे का आणि कितव्या वर्षापासून आहे, हे माहीत हवं.

मी ठाण्यात मेडिकल सोशल वर्कर आहे. औषध-ऑपरेशन डॉक्टरांचं, माझ्याकडे फॉर्म, फायली, नातेवाईक आणि पैशांची जुळवाजुळव. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या बाईला हे सगळं नवीन आहे, तिने काय कोणत्या क्रमाने करावं ते लिहिते. क्रमावर माझा जोर आहे, कारण घोळ तिथेच होतो. आधी लॅबचं पॅकेज, मग रिपोर्ट, मग गूगल, मग रडारड, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर, असं बरंच बघायला मिळतं.

त्याआधी एक गोष्ट. बहुतेक कॅन्सर घराण्यातून येत नाहीत. एकूण कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आई-वडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होतात. ओव्हरीत हे प्रमाण जास्त आहे. साधारण पाच-सहा रुग्णांमागे एकीत असा दोष सापडतो. त्यामुळे ओव्हरीचा नेहमीचा, म्हणजे एपिथेलियल प्रकारचा कॅन्सर झालेल्या प्रत्येक बाईला जनुक तपासणी सुचवावी, असं आता मानलं जातं. घरात दुसरं कुणी आजारी नसलं तरीही.

पहिलं काम : वंशावळ

कोरा कागद आडवा धरा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. स्वतःपासून सुरुवात करा. मग भावंडं, आई-वडील, मावश्या, मामा, आत्या, काका आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. वडिलांची बाजू गाळू नका. दोष असलेलं जनुक वडिलांकडूनही तितकंच येतं. आई किंवा वडील, ज्यांच्यात तो दोष आहे, त्यांच्या प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के, मग मुलगा असो की मुलगी. वडिलांना ओव्हरी नाही, त्यामुळे त्यांच्यात काही दिसलेलं नसतं. आत्याला झालेलं असतं. काकू आणि मामी यांचा आजार या कागदावर येत नाही, पण काकांच्या आणि मामांच्या मुली येतात.

प्रत्येकापुढे लिहायचं ते एवढंच : कॅन्सर कुठला, कितव्या वर्षी *कळला*, ऑपरेशन काय झालं, हयात आहेत की नाहीत. पुरुषांचं प्रोस्टेट, स्वादुपिंड किंवा ब्रेस्टचा कॅन्सरही लिहा. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं आहेत, त्यांत दोष असला की ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो; बीआरसीए-२ मध्ये पुरुषांच्या या आजारांनाही अर्थ असतो.

हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात संभाषण असं होतं :

"घरात कुणाला कॅन्सर?"

"नाही हो ताई, आमच्यात कुणालाच नाही."

"आजी कशानं गेल्या?"

"ती पोटात पाणी होऊन गेली. गावाला होती. पोट इतकं फुगलं की सगळे म्हणायचे जलोदर झालाय."

"आणि आत्या?"

"आत्याची पिशवी काढली होती. त्यानंतर दोनेक वर्षांत गेली ती."

पोटात पाणी लिव्हरमुळेही होतं, टीबीमुळेही होतं, आणि ओव्हरीच्या कॅन्सरमध्येही पुष्कळदा होतं. म्हणून तिथे "कॅन्सर" असं लिहायचं नाही. जसं सांगितलं तसंच लिहायचं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढायचं. "पिशवी काढली" यातूनही फार काही कळत नाही. फायब्रॉइडसाठी नुसतं गर्भाशय काढलं, की दोन्ही ओव्हरीसकट सगळं काढलं आणि ते कशासाठी, हे कागदच सांगेल.

तो कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड. त्यावर "टीएएच" असेल तर गर्भाशय काढलं. सोबत "बीएसओ" असेल तर दोन्ही ट्यूब (गर्भनलिका) आणि दोन्ही ओव्हरीसुद्धा काढल्या. त्याहून मोलाचा कागद म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट, म्हणजे काढलेला भाग मायक्रोस्कोपखाली पाहून दिलेला. त्यात "हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा" हे शब्द असतील तर तुमची फाइल जेनेटिक्सवाल्यांच्या टेबलावर वरच्या बाजूला जाते. रिपोर्ट हरवला असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात विचारा. मेणात बसवलेले तुकडे, ज्यांना सगळे "ब्लॉक" म्हणतात, तिथे बरीच वर्षं जपून ठेवलेले असतात. माणूस गेलेलं असलं तरी ब्लॉकवरून निदान काय होतं ते पुन्हा बघता येतं.

जुनी माहिती जुन्या बायकांकडे असते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांत त्या गावाला असतात. गौरी-गणपतीला जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला ओवाळणी-फराळाच्या गर्दीत विचारू नका. दुपारी भांडी आवरल्यावर ती पडवीत टेकली की विचारा. "कॅन्सर" शब्द काढलात तर ती गप्प होईल. "कशानं गेली, किती वर्षांची होती, मुंबईला आणलं होतं का," असं विचारलंत की सगळं बाहेर येतं. मुंबईला आणलं होतं म्हणजे कुठेतरी फाइल असणार.

कुणी पुढे जायचं, कुणी नाही

ओव्हरी, ट्यूब किंवा पोटाच्या आतल्या आवरणाचा कॅन्सर तुम्हाला किंवा आई, बहीण, आजी, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला झाला असेल, तर वय कितीही असो, पुढे जा. ब्रेस्ट कॅन्सर पन्नाशीच्या आत, किंवा दोन्ही बाजूंना, किंवा "ट्रिपल निगेटिव्ह" (रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-२ तिन्ही निगेटिव्ह) प्रकारचा. पुरुषाला झालेला ब्रेस्ट कॅन्सर. गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर पन्नाशीच्या आत. किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन जणांना आतडं, गर्भाशय, ओव्हरी यांपैकी काहीतरी. यातलं एखादं जरी असलं तरी जेनेटिक काउन्सेलरला, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला, भेटायचं. नात्यात कुणाचा रिपोर्ट आधीच पॉझिटिव्ह असेल तर प्रश्नच नाही.

तंबाखू खाणाऱ्या काकांना तोंडाचा कॅन्सर झाला, एवढ्यावरून कुणी जनुक तपासणीला धावू नये. गर्भाशयमुखाचा कॅन्सरही या यादीत नाही. तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो, घराण्यातून येत नाही. त्याच्यासाठी लस आहे (पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आता मिळते), पॅप आणि एचपीव्ही तपासणी आहे. आणि जनुक रिपोर्ट काहीही आला तरी ती तपासणी सुटत नाही.

काउन्सेलिंग, रक्त देण्याआधी

आपल्या भागातल्या लोकांची यात सोय आहे. टाटा मेमोरियल सेंटरचं खारघरचं केंद्र, ॲक्ट्रेक, आनुवंशिक कॅन्सरच्या कामासाठी ओळखलं जातं. परळच्या टाटातही जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. खारघरला जायचं तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी पकडा. घाईत वाशी गाडीत बसलात तर बदलावी लागते. स्टेशनवरून पुढे रिक्षा. निघण्याआधी फोन करून जेनेटिक्स ओपीडीचा वार आणि अपॉइंटमेंट विचारून घ्या. ठाणे, वाशी, नेरूळ, बेलापूरच्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांतही विचारायला हरकत नाही, पण विचारताना "जेनेटिक काउन्सेलर बसतात का" असं विचारा. "टेस्ट होते का" म्हणालात तर सगळीकडे हो म्हणतील. रक्त काढून बाहेर पाठवायला काउन्सेलर लागत नाही.

सोबत न्यायचं : ती वंशावळ, मिळतील तेवढ्या फायली, शक्य असेल तर ज्यांना कॅन्सर झाला आहे ते माणूस, आणि नसेल तर घरातली सगळ्यात जास्त आठवणारी बाई. नवऱ्याला न्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. सासरचा लवाजमा मात्र पहिल्या भेटीला नको. माहेरचे आजार सासूसमोर मोकळेपणाने सांगणारी बाई मी क्वचितच पाहिली आहे.

तिथे एक प्रश्न जरूर विचारा : "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर माझ्या वयात नेमकं काय बदलेल?" बावीस वर्षांच्या आणि बेचाळीस वर्षांच्या बाईला याचं उत्तर वेगवेगळं मिळतं, आणि टेस्ट आत्ता करायची की थांबायचं हे त्यावर ठरतं. शाळेत जाणाऱ्या मुलींची ही टेस्ट करत नाहीत. ती अठराच्या पुढे, तिची तिने ठरवून.

कुणाचं रक्त आधी

आजारी माणसाचं. ही पायरी सगळ्यात जास्त चुकते, म्हणून जरा थांबते.

समजा, आईला ओव्हरीचा कॅन्सर आहे आणि निरोगी लेकीने स्वतःची टेस्ट केली. निगेटिव्ह आली. याचा अर्थ दोन प्रकारे लागतो : आईत दोष होता पण लेकीत उतरला नाही, किंवा या टेस्टला सापडेल असा दोष आईतच नव्हता. पहिल्या अर्थाने लेक निश्चिंत, दुसऱ्या अर्थाने ती आहे तिथेच. आईची टेस्ट नसेल तर यातलं कोणतं, ते सांगता येत नाही. उलट आईचा दोष नेमका कुठे आहे ते कळलं की लेकी, बहिणी, भाच्या, मामा सगळ्यांना फक्त तेवढी एकच जागा तपासावी लागते. ती टेस्ट अख्ख्या पॅनेलपेक्षा, म्हणजे बऱ्याच जनुकांच्या एकत्र टेस्टपेक्षा, कितीतरी स्वस्त असते आणि उत्तर स्पष्ट मिळतं.

आई खूप आजारी असेल तर घरचे म्हणतात, "आत्ता कशाला तिला आणखी सुई." मला ते समजतं. पण तिच्या रक्ताची एक छोटीशी नळी हीच तिच्या मुलींना तिच्याकडून मिळणारी सगळ्यात कामाची माहिती आहे, आणि ती नंतर मिळत नाही. टेस्टचे पैसे आज नसतील तर डीएनए काढून साठवून ठेवता येतो का, ते तरी विचारा. शिवाय तिचा स्वतःचाही फायदा असतो : बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांना ओलापॅरिबसारखी औषधं जास्त लागू पडतात.

टेस्ट रक्तावर किंवा लाळेवर होते, रिपोर्टला काही आठवडे लागतात. ओव्हरीसाठी पॅनेल घेताना बीआरसीए-१ आणि २ सोबत आरएडी-५१-सी, आरएडी-५१-डी, बीआरआयपी-१, पीएएलबी-२ आणि लिंच सिंड्रोमची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आतडं-गर्भाशयाच्या कॅन्सरच्या धोक्याची, जनुकं (एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२) त्यात आहेत का बघा. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला किंवा दुप्पट झालेला असेल तर तो सापडतो का, हेही विचारा. काही स्वस्त टेस्टमध्ये ते नसतं. गाठीच्या तुकड्यावर केलेली बीआरसीए टेस्ट वेगळी. तिथे दोष सापडला तर तो फक्त गाठीपुरता आहे की जन्मजात, हे रक्तावर पक्कं करावं लागतं. आणि "वेलनेस" पॅकेजात केस गळण्यापासून कॅन्सरपर्यंत सगळं सांगणारी जी टेस्ट मिळते, तिच्या निगेटिव्हवर विसंबून राहू नका.

रिपोर्टवर तीनपैकी एक उत्तर येतं

"पॅथोजेनिक" किंवा "लाइकली पॅथोजेनिक" म्हणजे दोष सापडला. त्यावर निर्णय घ्यायचे.

निगेटिव्ह. घरातल्या आजारी माणसात सापडलेला दोष तुमच्यात नसेल तर तुमचा धोका चारचौघींसारखा. घरात दोष सापडलेलाच नसेल तर मात्र वंशावळ बोलते. तिच्यावरून पुढचं ठरतं.

तिसरं, "व्हीयूएस" : जनुकात बदल दिसतोय, पण तो घातक आहे की निरुपद्रवी, हे आज सांगता येत नाही. भारतीय रुग्णांत असे रिपोर्ट बरेच येतात, कारण जगातल्या माहितीच्या साठ्यात आपल्या लोकांची माहिती तुलनेने कमी आहे. व्हीयूएसवर ऑपरेशन करायचं नसतं. नातेवाइकांची टेस्टही त्यावरून करत नाहीत. फाइलला लावून ठेवायचा आणि वर्षा-दोन वर्षांनी काउन्सेलरला विचारायचं, की याचं वर्गीकरण बदललं का. यातले पुष्कळसे पुढे निरुपद्रवी ठरतात. व्हीयूएसचा रिपोर्ट हातात घेऊन कुणी तुम्हाला ओव्हरी काढायची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. हे मी जरा ठामपणे सांगते.

दोष सापडला, आता ओव्हरीचं काय

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वयाच्या ८० वर्षांपर्यंत ओव्हरीचा कॅन्सर होण्याचा धोका बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ टक्के निघाला. ज्यांच्यात दोष नाही अशा बाईत तो एखाद्या टक्क्याच्या आसपास असतो. बीआरसीए-१ चा धोका चाळिशीच्या सुमाराला वर चढायला लागतो, बीआरसीए-२ चा साधारण दहा वर्षं उशिरा. यावरूनच आजार होण्याआधी दोन्ही ओव्हरी आणि ट्यूब काढून टाकण्याच्या ऑपरेशनची वयं ठरली आहेत : बीआरसीए-१ असेल तर मुलं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५, आणि आरएडी-५१-सी, डी किंवा बीआरआयपी-१ असेल तर ४५ ते ५०. घरात कुणाला याहून लहान वयात झाला असेल तर डॉक्टर अलीकडे आणतात.

या ऑपरेशनने धोका ८० टक्क्यांहून जास्त कमी होतो. शून्य होत नाही. पोटाच्या आवरणात थोडासा उरतो.

दुर्बिणीतून होणारं ऑपरेशन आहे, बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी जातात. पण ते नेहमीचं ओव्हरी काढण्याचं ऑपरेशन नाही, आणि हे करणाऱ्या डॉक्टरला माहीत हवं. ज्याला आपण ओव्हरीचा कॅन्सर म्हणतो, त्यातला बराचसा खरं तर ट्यूबच्या टोकाच्या झालरीत सुरू होतो. म्हणून ट्यूब पूर्ण निघायला हव्यात. पोटात सलाइन सोडून ते पाणी तपासायला घ्यायला हवं. आणि काढलेल्या ट्यूबचे, विशेषतः त्या झालरीचे, दोन-तीन मिलिमीटरचे काप करून सगळेच्या सगळे मायक्रोस्कोपखाली पाहायला हवेत. या पद्धतीला "सी-फिम" म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत ट्यूबचा एखादाच तुकडा बघून "नॉर्मल" लिहिलं जातं, आणि लपलेली सुरुवातीची गाठ निसटते. म्हणून पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर "बीआरसीए वाहक, सी-फिम पद्धतीने तपासा" असं लिहिलंय ना, ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्वतः विचारा. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावलेच तर हे ऑपरेशन त्यांच्याकडे करायचं का, ते ठरवा. शक्यतो गायनॅक-ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे बायकांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारे डॉक्टर, गाठा.

"मग पिशवीच कशाला ठेवायची?" हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. बीआरसीएसाठी गर्भाशय काढलंच पाहिजे असं नाही. फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलून ठरतं. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हापासून काही जणींना ऑपरेशन म्हटलं की संशयच येतो. तो संशय चांगला आहे. हातात रिपोर्ट नसताना, जनुकाचं नाव माहीत नसताना, "कटकट नको" म्हणून काही काढून टाकायला कुणीच तयार होऊ नये.

पुढचं कुणी आधी सांगत नाही. ओव्हरी काढल्या की पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते. अंगातून वाफा, झोप उडणं, चिडचिड, योनीचा कोरडेपणा, शरीरसंबंधात दुखणं. दूरवर पाहिलं तर हाडं ठिसूळ होणं आणि हृदयाचा धोका. सदतीस वर्षांच्या बाईला हे पेलायला मदत लागते. तिला स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर झालेला नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हॉर्मोनची औषधं देता येतात, आणि बहुतेक जणींना ती द्यावीतच असा तज्ज्ञांचा कल आहे. गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतं, गर्भाशय काढलं असेल तर सहसा एकटं इस्ट्रोजन. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर गोष्ट वेगळी; त्यांच्यासाठी हॉर्मोनविना उपाय शोधावे लागतात. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ही चर्चा झालीच पाहिजे. हाडांसाठी डेक्सा स्कॅन, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि रोजचं चालणं.

ऑपरेशनचं वय यायला अजून वेळ असेल तर? गर्भनिरोधक गोळ्यांनी ओव्हरीचा धोका साधारण निम्म्याने कमी होतो, पण ब्रेस्टचा विचार करून डॉक्टरच ठरवतील. मेडिकलमधून परस्पर आणू नका. मुलं कधी, याचं गणित मात्र लवकर मांडा. लग्न उशिरा होणार असेल तर अंडी गोठवून ठेवण्याविषयी तिशीच्या सुरुवातीलाच बोला. नुसत्या ट्यूब आधी काढायच्या आणि ओव्हरी नंतर, ही पद्धत अजून अभ्यासाच्या टप्प्यावर आहे. तिच्या भरवशावर ओव्हरीची तारीख पुढे ढकलू नका.

लिंच असेल तर

लिंच सिंड्रोमकडे आपल्याकडे फारसं लक्ष जात नाही, कारण घरातले आजार वेगवेगळे दिसतात : मामांचं आतडं, मावशीचं गर्भाशय. हा दोष असलेल्या काही बायकांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका ४० टक्क्यांच्याही वर जातो. इथे गर्भाशय काढायला कारण आहे : मुलं झाल्यावर, साधारण चाळिशीच्या सुमाराला, गर्भाशय, ट्यूब आणि ओव्हरी काढण्याचा पर्याय ठेवतात, जनुकानुसार वय थोडं बदलतं. आतड्यासाठी कोलोनोस्कोपी दर एक-दोन वर्षांनी, एमएलएच-१ आणि एमएसएच-२ मध्ये विशी-पंचविशीपासूनच. कोलोनोस्कोपीला लोक लाजतात, टाळतात. तिने मात्र खरोखर जीव वाचतो.

घरात कुणाचं गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर पॅथॉलॉजीत विचारा, की "एमएमआर"ची आयएचसी केली का. त्याच ब्लॉकवर होणारी ही तपासणी लिंचचा संशय आहे की नाही ते सांगते.

ब्रेस्टविषयी इथे थोडक्यात, कारण तो वेगळा लेख होईल. बीआरसीए दोषात वर्षाला एमआरआय पंचविशीपासून, मॅमोग्राफी तिशीपासून जोडतात. दोन्ही ब्रेस्ट काढून टाकणं हा पर्याय आहे, सक्ती नाही. अँजेलिना जोलीचं नाव हमखास निघतं, म्हणून सांगते : तिला बीआरसीए-१ होता, २०१३ मध्ये तिने ब्रेस्टचं ऑपरेशन जाहीर केलं आणि २०१५ मध्ये ओव्हरी-ट्यूबचं.

घरात कसं सांगायचं

रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकू नका. एकदा गेला की तो कुठे पोचेल यावर तुमचा ताबा राहत नाही. काउन्सेलरकडून नातेवाइकांसाठी एक पत्र मागून घ्या. त्यात जनुक, दोषाची जागा आणि कुणी तपासणी करावी एवढंच असतं. ते बहिणींना, मावस-आते भावंडांना एकेकाला फोन करून मग पाठवा. भावांनाही सांगा. "मला काय करायचंय" म्हणणाऱ्या भावाला मुलगी असते.

लग्नाचा प्रश्न येतोच. "मुलीचं जमायचंय, आत्ता काही बोलू नका," असं आया हात जोडून सांगतात. मुलगी वीस-एकवीसची असेल तर घाईने टेस्ट करायची गरज नाही. पंचविशीच्या सुमाराला केली तरी चालतं. पण तिच्यापासून लपवायचं नाही. ते तिचं शरीर आहे. पुढे मुलं हवीत तेव्हा आयव्हीएफमध्ये गर्भ तपासून दोष नसलेला निवडण्याची सोयही असते. आणि ज्या घरांत मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत अजून आहे, त्यांनी काउन्सेलरला ते आवर्जून सांगावं. नवरा-बायको दोघांतही एकाच घराण्याचा बीआरसीए-२ दोष असेल तर मुलाला फॅन्कोनी ॲनिमियासारखा गंभीर आजार होऊ शकतो.

पैसे

मेडिक्लेममध्ये कॅन्सरचं ऑपरेशन बसतं. कॅन्सर न झालेल्या बाईच्या ओव्हरी काढणं बसेलच असं नाही. ऑपरेशनआधी डॉक्टरांचं पत्र, जनुक रिपोर्ट आणि काउन्सेलरची नोंद जोडून विमा कंपनीकडून लेखी मंजुरी मागा. टीपीएच्या (विमा कंपनीचे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) माणसाने फोनवर "होऊन जाईल" म्हटलं ते धरू नका. नवीन पॉलिसी घेताना फॉर्ममध्ये जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या. लपवलेलं क्लेमच्या वेळी बाहेर येतं.

पैशांची खरंच अडचण असेल तर ट्रस्टच्या हॉस्पिटलात सोशल वर्करला भेटा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आधीच तयार ठेवा. ॲडमिट झाल्यावर दाखल्यासाठी तहसील कार्यालयात पळणाऱ्या नवऱ्यांची फार ओढाताण होते. आजारी माणसाची टेस्ट झाल्यावर बाकीच्यांची एकेका जागेची टेस्ट कमी दरात मिळेल का, हे लॅबला विचारा. काही ठिकाणी सवलत मिळते.

आता राहिल्या त्या बायका, ज्यांचा रिपोर्ट यायचाय किंवा ज्यांनी ऑपरेशन पुढे ठेवलंय. पोट सतत फुगल्यासारखं वाटणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वरचेवर लघवीला लागणं, हे नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकलं तर गॅसच्या गोळ्या घेत बसू नका. गायनॅककडे जाऊन पहिल्याच वाक्यात घरचा आजार सांगा आणि सोनोग्राफी व सीए-१२५ त्याच आठवड्यात करून घ्या. लिंचच्या घरातल्या बाईला दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्ताचा डाग जरी दिसला तरी थांबायचं नाही. तिथे अस्तराची बायोप्सी लागते.